वाघ न दिसण्याची गॅरंटी

माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या मांडवात, मी भाड्यानं आणलेल्या खुर्चीवर बसण्याआधी माझ्या व्याह्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. खुर्ची पुसली, रुमाल निरखून पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावाला दाखवला. भावानंही पाहिला. दोघांनी माना हलवल्या. नंतर जेवताना ते मला म्हणाले, "एवढ्या धुरात राहून तुमची मुलगी खोकत नाही, हे विशेष आहे."

व्याही नाशिकचे. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. नाशिकच्या हवेबद्दल ते असं बोलतात की जणू ती त्यांनीच धरण बांधून अडवून ठेवली आहे. मी भिलाईचा. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून स्टील प्लांटमध्ये लागले. मी भिलाईतल्याच खुर्सीपारच्या एका शेडमध्ये, उसन्या वेल्डिंग मशीनवर, खिडक्यांच्या जाळ्या बनवायला लागलो. आज माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि हुडको कॉलनीत दुमजली घर आहे. त्या घराची खिडकी उघडली की धूर आत येत नाही, समोरच्यांच्या कडुलिंबाचा पाला आत येतो. पण हे ऐकून घ्यायला त्या दिवशी व्याह्यांना वेळ नव्हता.

मी हे विसरलो असतो. बायको म्हणते, विसरलो नसतो. ते जाऊ द्या. मुलीला दिवस गेले आणि विसरण्याचा प्रश्नच मिटला.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे चर्चा नसते. बायकोनं वरची खोली रंगवून घेतली, गावाकडून डिंक मागवला. मी पाळणा बनवला. स्टेनलेस स्टीलचा, बॉल बेअरिंगवर चालणारा. हत्तीचं पिल्लू झोपवलं तरी कुरकुरणार नाही असा. आणि मग नाशिकहून फोन आला. व्याही म्हणाले, "बाळंतपण इथेच करू या. तुमच्याकडे धूर, धूळ. इथली हवा कशी, स्वच्छ."

मी काही बोलायच्या आत बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. गच्चीवरून बोलत होती, हळू आवाजात. "बाबा, मले घरी यायचं आहे. पण मी बोलली तर बुरा लगेगा ना. त्यायनं स्वतःहून म्हटलं पाह्यजे. अन् तुम्ही झगडू नका, प्लीज. तुम्ही झगडता तिकडं, ऐकावं लागते मले इकडं."

म्हणजे माल माझा, गरज माझी, आणि भाव करायचा नाही. अशा अटीवर मी आयुष्यात एकही सौदा केलेला नाही.

संधी मात्र चालून आली. व्याही-विहिणीला रायपूरला कोणाच्या तरी लग्नाला यायचं होतं, आणि तिथून ते चार दिवस आमच्याकडे राहणार होते. परत गेल्यावर डोहाळजेवण, आणि डोहाळजेवण झालं की मुलीनं कुठे जायचं हे ठरणार. तेव्हा जे करायचं ते त्या चार दिवसांत. मी ठरवलं, या माणसाला असं जंगल दाखवायचं की नाशिकच्या हवेचं नाव परत काढणार नाही.

हुडकोच्या मार्केटमध्ये एक सहलवाला बसतो. चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याच्या टेबलावर प्लास्टिकचं आवरण घातलेला फोटोंचा मोठा अल्बम असतो. त्यानं माझ्यापुढे तीन पानं उघडली. एकावर बस्तरमधली कांगेर घाटी, तिथले धबधबे आणि जमिनीखालच्या गुहा. दुसऱ्यावर बारनवापारा, जवळ आणि सोयीचं. तिसऱ्यावर कान्हा. कान्हाच्या पानावर वाघ होता, आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता.

"हा पाहिजे," मी म्हणालो. "पण हा तर मध्य प्रदेशात आहे."

"तो क्या हुआ, भाईसाहब?"

"माझे व्याही म्हणतील, हा तुमचा कुठे, हा तर शेजारचा. छत्तीसगढचा वाघ दाखवा."

त्यानं अल्बम मिटला, परत उघडला. "शेर बॉर्डर नहीं देखता, भाईसाहब. रात को इधर, सुबह उधर. आप बोल देना, अपना ही है, उधर चरने गया है."

मला माणूस आवडला. वाघ चरत नाही एवढं मलाही माहीत होतं, पण उत्तर तयार ठेवणाऱ्याशी सौदा करायला मजा येते. मी मुद्द्यावर आलो. "दिसला नाही तर?"

"जंगल है, चिड़ियाघर थोड़े है."

"मी गेट बसवतो. गेट लागलं नाही तर कोणी मला पैसे देत नाही. तुम्ही वाघ विकून राहिले, तर वाघ दाखवा."

"मैं सफारी बेच रहा हूँ, भाईसाहब. शेर ऊपरवाले का है."

मग आम्ही खाली उतरत गेलो. वाघ नाही तर बिबट्याची तरी गॅरंटी द्या. नाही म्हणाला. अस्वल? नाही. रानगव्यावर तो थोडा घुटमळला, पण मग म्हणाला की गवा मोठा असला तरी लाजाळू असतो. बारशिंगा तर उन्हाच्या तिरिपेवर अवलंबून. शेवटी आम्ही चितळावर येऊन थांबलो. चितळाची त्यानं छातीवर हात ठेवून गॅरंटी दिली, आणि मी विजयी होऊन घरी आलो.

बायको मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं काडी बाजूला टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अजी, वाघ पाहून कोण आपली सून बाळंतपणाले पाठवते?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुम्ही त्यायले म्हणून राहिले की आमच्याकडची हवा चांगली, सुनेले पाठवा. अन् दाखवून काय राहिले? वाघ!"

"तो वाघ काय हुडकोत येते काय?"

"तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे. विहीणबाईले रातच्या दचकून उठल्यावर कोण समजावून सांगीन?" तिनं पुढची काडी घेतली. "झाडं दाखवा. पाणी दाखवा. हरणं, मोर दाखवा. ज्याले पाहून माणसाले वाटलं पाह्यजे की इथं लेकरू वाढवावं."

यात खोट सापडत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग मी म्हणालो, कांगेर घाटी करू, धबधबा करू. ती म्हणाली, विहीणबाईचे गुडघे दुखतात, त्या जगदलपूरपर्यंत गाडीत बसून शिवाय गुहेच्या पायऱ्या उतरतील का? बारनवापारा एवढं जवळचं की व्याही त्याला आमची बागच म्हणाले असते. म्हणजे कान्हाच. फक्त वाघाशिवाय.

मी परत मार्केटमध्ये गेलो. सहलवाला चहा पीत होता.

"एक बदल आहे," मी म्हणालो. "वाघ दिसला नाही पाहिजे."

त्यानं कप खाली ठेवला. "कल तक तो आप गारंटी माँग रहे थे."

"आजही मागून राहिलो. न दिसण्याची."

"भाईसाहब, उसकी भी गारंटी नहीं है."

"कावून नाही? रोज लोक वाघ न पाहता परत येतात. तुम्हीच सांगितलं. जे रोज होते त्याची गॅरंटी द्यायले काय जाते तुमचं?"

तो हसायला लागला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला. अल्बमची मागची पानं उलटून त्यानं मला एक वेगळी सहल काढून दिली. तो तिला 'नजारा वाली' म्हणत होता. आदल्या दिवशी चिल्पी घाटातून थांबत थांबत जायचं, फाटकाजवळच्या लॉजवर मुक्काम, सकाळी उघड्या जीपमधून जंगलात, पण वाघाच्या मागे धावायचं नाही. मोठी गवताळ मैदानं, तलाव, बारशिंग्यांचा कळप, आणि सोबत एक वाटाड्या जो झाडांची आणि पाखरांची माहिती सांगतो. "शेर का नाम भी नहीं लेगा," तो म्हणाला. "मैं फोन करके बोल दूँगा."

मी हात पुढे केला. खरं सांगतो, मनात एक कोपरा होता जिथे अजून वाटत होतं की आला तर येऊ दे, व्याह्यांचं तोंड तरी बंद होईल. पण तो कोपरा मी कोणाला दाखवला नाही.

जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर आधी द्यावा लागतो. नंबर मुलीनं फोनवर पाठवले. नावं मी सांगितली. ती कोणाला विचारायची गरज नव्हती. लग्नाची पत्रिका मीच छापून घेतली होती आणि विहीणबाईंचं नाव त्यात सौभाग्यवतीसकट होतं. त्यातून व्याह्यांना फोन करून "तुमच्या बायकोचं नाव काय हो" असं विचारायचं, म्हणजे आपण होऊन खाली वाकायचं. मी वाकत नाही.

व्याही-विहीण आले. रायपूरच्या लग्नातलं जेवण किती तेलकट होतं हे पहिल्या संध्याकाळी सांगून झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी ड्रायव्हरच्या शेजारी, मागे व्याही, विहीणबाई आणि माझी बायको. कवर्धा सोडून घाटाला लागलो तशी साल वृक्षांची गर्दी सुरू झाली आणि माझी बायको कामाला लागली. "किती मोकळी हवा आहे, नाही का विहीणबाई?" थोडं पुढे गेलं की, "इथं तर धुळीचा कण नाही बाप्पा." आणखी पुढे, "लहान मुलांसाठी चांगली अशी हवा." व्याही त्यावर म्हणायचे, "हो, पण सह्याद्रीची गोष्ट वेगळी." विहीणबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मी त्यांना हिशेबात धरलंच नव्हतं. माझा सौदा व्याह्यांशी होता.

सकाळी फाटकावर धुकं होतं. ओळीनं जीपा उभ्या, माणसं शालीत आणि कानटोप्यांत, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. व्याह्यांच्या गळ्यात नवा कॅमेरा, त्याला हातभर लांबीची नळी. खिडकीतल्या कर्मचाऱ्यानं ओळखपत्रं घेतली, एकेक यादीशी ताडून पाहिली आणि विहीणबाईंच्या कार्डावर थांबला.

"ये किसका है?"

"माझं," विहीणबाई म्हणाल्या.

"नंबर सही है, मैडम, पर नाम दूसरा है. इस नंबर पर तो कोई और नाम बुक है."

मी कार्ड घेऊन पाहिलं. फोटो त्यांचाच. नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळं. पहिलं नाव वेगळं, वडिलांचं नाव, आडनाव वेगळं. मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही कॅमेऱ्याच्या नळीचं झाकण उघडत-मिटत होते.

"आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात जे नाव लिहिलं ना," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ते ह्यांच्या घरी हाक मारायला. मी लग्नाआधीपासून शाळेत नोकरीला होते. ज्या नावावर पगार येत होता ते मी का बदलू? सगळ्या कागदांवर हेच आहे."

"व्याही साहेब," मी म्हणालो, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या क्षणी मला फार बरं वाटलं, "तुमाले तुमच्या बायकोचं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे!" व्याही म्हणाले. "म्हणजे माहीत होतं. आठवलं नाही. पण फॉर्म तर तुम्ही भरलात. मला एक फोन करता आला असता."

"पत्रिकेवर नाव कोणी दिलं? तुमीच दिलं! मी काय तुमच्या घरात येऊन शाळेचे दाखले पाहून राहिलो होतो?"

"आवाज खाली घ्या."

माझा आवाज वर्कशॉपमध्ये तयार झालेला आहे. ग्राइंडर चालू असताना शेडच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला "अरे, चष्मा घाल" म्हणायचं तर जो आवाज लागतो, तोच माझा साधा आवाज. मी आधी व्याह्यांना सांगितलं की आवाज खालीच आहे. मग खिडकीतल्या माणसाला सांगितलं की बाई तीच आहे, मी साक्षीदार, मी मुलगी दिली आहे त्या घरात, आणखी काय पुरावा पाहिजे. वरच्या झाडावरची वानरं उठली आणि पलीकडच्या झाडावर गेली. सगळ्या जीपांतली डोकी आमच्याकडे वळली. आमचा वाटाड्या, ज्याला वाघाचं नावही काढू नको असं बजावलेलं होतं, हात जोडून म्हणाला, "सेठजी, आप ऐसे बोलोगे तो अंदर सारा जंगल चिल्लाने लगेगा."

एक वनरक्षक आला. त्यानं अदबीनं सांगितलं की मॅडमना नियमानं सोडता येणार नाही. "और आप," तो मला म्हणाला, "आप भी बाहर ही रुकिए. जानवरों के लिए."

मी तोंड उघडलं. पण विहीणबाईंनी आधीच माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुम्ही दोघं जा. एवढ्या लांब आलात. व्याही थांबतील माझ्यासोबत."

माझी बायको आणि माझे व्याही यांनी आजवर एकमेकांशी "जेवण झालं का" यापलीकडे एक वाक्य बोललेलं नव्हतं. दोघं जीपच्या दोन टोकांना बसले. जीप हलली तशी बायको वळून मला म्हणाली, "अजी, भांडू नका!" आणि धुक्यात गेली.

फाटकाबाहेर ताडपत्रीखाली चहाची टपरी होती. एक बाक. विहीणबाई एका टोकाला बसल्या, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये त्यांनी पर्स ठेवली. विहिणीशी एकट्यानं काय बोलायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी चहा मागवला. चहा आला. मी म्हणालो, "थंडी आहे."

"आहे," त्या म्हणाल्या. "बोला आता. बाळंतपणाचं."

चहा माझ्या शर्टावर सांडला.

"ही सहल जंगलासाठी नाही हे मला कालच कळलं. तुमच्या पत्नी प्रत्येक झाडापाशी हवेला सर्टिफिकेट देत होत्या. बोला, मी ऐकते आहे."

"ते व्याही साहेबांशी—"

"बाळंतपण नाशिकला करायचं हे ह्यांनी ठरवलं असं वाटतं तुम्हाला? ह्यांना स्वतःच्या बनियनचा नंबर माहीत नाही. मी ठरवलं. हवेचं कारण ह्यांना दिलं, कारण हवेवर ह्यांना बोलता येतं."

मी कप खाली ठेवला. एवढे दिवस मी चुकीच्या काउंटरवर उभा होतो.

मग मी माल मांडला. घराजवळचा दवाखाना, बायकांची डॉक्टरीण, आमच्याच ओळखीची. वरची खोली, सकाळचं ऊन थेट आत. पाळणा, बॉल बेअरिंगवाला. विहीणबाई प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होत्या आणि प्रत्येक "हं" मध्ये माझा भाव खाली येत होता.

"दवाखाना आमच्याकडेही आहे," त्या म्हणाल्या. "खोली आहे. पाळणाही आहे, लाकडी. तुमच्या धुराशी माझं भांडण नाही."

"मग अडचण कोणती?"

"तुम्ही."

"मी?"

"लग्नात जिलबी कमी पडली तेव्हा तुम्ही आचाऱ्यावर ओरडलात. मी नवरीच्या खोलीत होते. मेंदी काढणाऱ्या बाईचा हात उडाला. आज इथं वानरं उठली. नुकतं जन्मलेलं बाळ त्या घरात झोपणार कसं?"

"तो आचारी चोर होता," मी म्हणालो. "तुपाचे डबे त्यानं मागच्या दारानं—"

"असेल. बाळाला ते कसं समजवायचं?"

सौद्याचा एक नियम आहे. समोरचा ताठर झाला की उठायचं आणि चालायला लागायचं. दहा पावलांत तो हाक मारतो. मी उठलो आणि चालायला लागलो. पण दुकानातून उठून माणूस बाजारात जातो, जंगलाच्या फाटकावरून उठून कुठे जाणार? एकीकडे फाटक, दुसरीकडे रस्ता, रस्त्यावर एक मोठा वानर मध्यभागी बसून मला पाहत होता. त्यानं बाजूला व्हायची काही चिन्हं दाखवली नाहीत. मी थोडा वेळ झाडाचं खोड पाहिलं, जणू त्यासाठीच उठलो होतो, आणि परत आलो.

"बसा," विहीणबाई म्हणाल्या. "दुसरा चहा सांगितला आहे." मग, कपाकडे पाहत, "माझ्या वेळी मला पाठवलं नव्हतं माहेरी. सासूबाईंनी नाही म्हटलं. म्हणून तुमच्या मुलीला अडवताना मलाही बरं वाटत नाही. पण पाठवायची तर माझ्या अटीवर."

"सांगा."

"मी सोबत येणार. सव्वा महिना राहणार."

"आठ दिवस," मी म्हणालो. ते आपोआप निघालं.

"सव्वा महिना. आणि बारसं होईपर्यंत वर्कशॉपचे फोन घराबाहेर."

"पंधरा दिवस करू. तुमच्या गुडघ्यांना जिने—"

"मग जावळ काढूनच जाईन मी."

मी हिशेब केला. जावळ म्हणजे आणखी किती महिने. ही बाई वरच्या दिशेनं भाव करत होती. खुर्सीपार ते रायपूर, असा व्यापारी मी पाहिलेला नाही. "सव्वा महिना," मी घाईनं म्हणालो. "ठरलं."

"अजून एक. ह्यांना हे सांगायचं नाही. हे त्यांना स्वतःला सुचलं पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर ते मोडतील. सुचेल त्यांना, पण तुम्ही मध्ये बोललात तर नाही सुचणार. भिलाई येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. ते काहीही म्हणाले तरी."

"अन् बोललो तर?"

"तर मला कळेल की सव्वा महिना कसा जाईल. मुलगी नाशिकलाच राहील."

जीप परत आली तेव्हा ऊन वर आलं होतं. बायको चालत्या जीपमधूनच हात हलवत होती. उतरली ती सरळ माझ्याकडे. "अजी, वाघ! येवढा! आमच्या समोरून, आरामात, जसा काही त्याच्या अंगणात! मी म्हटलं व्याहीबुवा, वाघ, तर हे म्हणे, थांबा हो, सेटिंग लावू द्या!"

"गवत हललं असेल," व्याही म्हणाले.

"गवताले शेपूट असते काय?"

मला सहलवाल्याची न दिसण्याची गॅरंटी आठवली आणि हसू आलं, आणि सहलवाल्यावर बोलायला चार वाक्यंही आली. मी विहीणबाईंकडे पाहिलं. ती चारही गिळली.

परतीचा प्रवास मी लिहिणार नव्हतो, पण लिहिल्याशिवाय कोणाला कळणार नाही की मी काय केलं. व्याही वाघ हुकल्यानं कडू झाले होते. घाटाच्या पहिल्या वळणावर ते म्हणाले की वळणावर रस्त्याला दिलेला उतार चुकला आहे. दुसऱ्या वळणावर म्हणाले की वाघ काय, तो मध्य प्रदेशचा, छत्तीसगढनं त्याचं श्रेय घेऊ नये. मी खिशातून लवंग काढून दाढेखाली ठेवली. कवर्ध्याला जेवताना म्हणाले की खात्यात असताना त्यांना शेकडो ठेकेदार भेटले, एक सरळ नाही. "लोखंडवाले तर सगळ्यात बिलंदर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे वरणाची वाटी सरकवली. मी वरण घेतलं. दुसरी लवंग ठेवली.

बायको घाबरली. "अजी, तब्येत बरी आहे ना?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मी मान हलवली. ड्रायव्हर आरशातून सारखा मला पाहत होता. मी त्याच्यावर दिवसभरात एकदाही गाडी हळू चालव म्हणून ओरडलो नव्हतो.

बेमेतऱ्यानंतर दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार पसरला होता आणि गाडीत कोणी बोलत नव्हतं. भांडणाला समोरून काही येत नसलं की माणूस एकटा पडतो. व्याही चुळबुळायला लागले. आधी त्यांनी खिडकी खाली केली. मग एक लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "हवा तशी वाईट नाही इकडची."

"असं वाटतं तुम्हाला?" विहीणबाई म्हणाल्या.

"सकाळी जंगलात काय मोकळं वाटलं. आणि हे व्याही..." त्यांनी आवाज खाली आणला, पण गाडी केवढी असते? "आज किती शांत आहेत. मला वाटायचं, तापट आहेत. मी काय म्हणतो, पहिलं बाळंतपण आहे. मुलीचं मन माहेरीच असणार."

"नको बाई," विहीणबाई म्हणाल्या. "सव्वा महिना इकडे तिच्यासोबत कोण राहणार?"

"तू राहा ना! मी बघेन तिकडे माझं."

"तुम्ही म्हणता तर..."

माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मी समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिलो. माझं जंगल, माझा सहलवाला, माझा सांडलेला चहा, माझ्या दोन लवंगा, आणि सौदा व्याह्यांच्या नावावर. आजही नातेवाइकांत हेच सांगितलं जातं की व्याह्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली.

"काय व्याही?" ते मागून वाकून म्हणाले. "चालेल ना? तुमचं काहीच मत नाही?"

आम्ही दुर्गला होतो. पद्मनाभपूरची वस्ती डाव्या हाताला सरकत होती. दुर्ग म्हणजे भिलाई नव्हे. बाहेरच्या माणसाला ती दोन्ही एकच वाटतात, पण अट अट आहे. मी हात वर करून थांबा अशी खूण केली.

"अजी, बोला ना!" बायकोनं मागून मला बोटानं टोचलं. "विचारून राहिले ना ते! आता कावून मुके झाले?"

मी पुढे बोट दाखवलं. व्याह्यांनी पुढे पाहिलं. पुढे ट्रक होता.

"पसंत नाही वाटतं," व्याही हिरमुसून म्हणाले. दुर्ग संपत नव्हतं. सिग्नल लाल झाला. मी त्या सिग्नलला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. तो हिरवा झाला, दुकानांच्या पाट्यांवर भिलाई दिसायला लागलं, एक पाटी, दुसरी पाटी. मी आरशात विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनीही पाटी वाचली, चष्मा नीट केला आणि मान हलवली.

"पसंत आहे," मी म्हणालो. "उपकार झाले तुमचे."

एवढा बारीक आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरनं दचकून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ब्रेक लावला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "सेठ, अस्पताल ले चलूँ?"

"काही झालेलं नाही त्यांना," विहीणबाई मागून म्हणाल्या. "घरी चला. मला ती वरची खोली बघायची आहे."